क्रूझचा लॉयल्टी दर्जा: सेवा खरंच सुधारते की फक्त सवलती वाढतात? बुकिंगपासून परतीपर्यंतची पद्धत

यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडून क्रूझला जाणाऱ्यांत आता दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचे प्रवासीही बरेच दिसतात. कुणाचा मुलगा सिंगापुरात नोकरीला असतो, कुठे निवृत्त गुरुजींचा चार जोडप्यांचा गट ठरतो. दुसरी खेप आली की कंपनीकडून ‘सदस्य’ म्हणून मेल येतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. चुका ठरलेल्या आहेत. एकाच माणसाचे दोन सदस्य क्रमांक तयार होतात. वरचा दर्जा, म्हणजे एका कंपनीच्या जहाजावर काढलेल्या रात्री वाढल्या की मिळणारी सदस्यत्वाची वरची पायरी, मिळवण्यासाठी लोक महागडी सफर घेतात. आणि वरचं कार्ड असलं की शाकाहारी ताट, चांगली खोली आणि आदरातिथ्य आपोआप चालत येईल, असं धरून चालतात.

उत्तर आधीच देऊन टाकतो. दर्जामुळे रांग कमी होते, काही वस्तू फुकट मिळतात, काही गोष्टी स्वस्त पडतात. खोली साफ करणारा, ताट वाढणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस मात्र तोच राहतो. चांगली सेवा मिळवायचा रस्ता वेगळा आहे, तो टप्पा ७ मध्ये दिला आहे. पण त्याआधीचे टप्पे क्रमानेच करा. क्रम चुकला की हक्काचं मिळणारंही हातचं जातं.

टप्पा १: सेवा आणि सवलत वेगळी करा

प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर दर्जानुसार काय मिळतं याची यादी असते. ती मोबाईलवर नुसती चाळू नका, वहीत उतरवा आणि तीन रकाने करा: रांग, वस्तू, माणसं.

रांगेच्या रकान्यात लवकर चेक-इन, बंदर उथळ असेल तिथे किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीत आधी जागा आणि शेवटच्या दिवशी लवकर उतरणं येतं. गुडघे दुखणाऱ्या, साठी ओलांडलेल्या माणसाला यातलं सगळ्यात जास्त सुख मिळतं, आणि लोक नेमकं हेच क्षुल्लक समजून वापरत नाहीत.

वस्तूंच्या रकान्यात पेयांची व्हाउचर, कपडे धुण्याची पिशवी, वाय-फायवर सूट आणि पुढच्या बुकिंगवरची सूट लिहा. यादीतल्या निम्म्याहून जास्त ओळी याच रकान्यात पडतात.

माणसांचा रकाना बहुतेक रिकामा राहतो. तुमच्या खोलीचा कर्मचारी, ज्याला जहाजावर स्टेटरूम अटेंडंट किंवा स्टुअर्ड म्हणतात, त्याच्याकडे मार्गिकेतल्या पंधरा-वीस खोल्या असतात. त्या खोल्या जागेप्रमाणे वाटलेल्या असतात. तुमच्या शेजारच्या खोलीत पहिल्यांदाच आलेलं जोडपं असलं तरी दोघांनाही तोच माणूस, तीच चादर, तीच वेळ. जेवणघरातही वेटरला टेबलं वाटून दिलेली असतात. शेगावला सेवेकरी ताट वाढताना समोर कोण बसलंय हे पाहत नाही, तसंच इथेही समजा.

याला मोजके अपवाद आहेत. वरच्या दर्जांना काही जहाजांवर वेगळी बैठकखोली मिळते आणि तिथे कॉन्सिअर्ज, म्हणजे मदतीला बसलेला कर्मचारी असतो. जेवणाची वेळ बदलणं, बिलातली चूक दुरुस्त करणं ही कामं त्याच्याकडून लवकर होतात. काही कंपन्या वरच्या सदस्यांना वेगळा फोन क्रमांकही देतात. खरी माणसांची सेवा वाढते ती महागड्या खोलीमुळे. एमएससी कंपनीचा यॉट क्लब आणि नॉर्वेजियन कंपनीचं हेवन हे महागड्या खोल्यांचे वेगळे विभाग, किंवा रॉयल कॅरिबियनचे सगळ्यात वरचे स्वीट, म्हणजे मोठ्या आलिशान खोल्या, इथे बटलर किंवा तसा खास माणूस असतो, आणि तो पहिल्यांदा आलेल्यालाही मिळतो. कारण त्याने त्या खोलीचे पैसे मोजलेले असतात.

सुरक्षिततेत तर कुणालाच दर्जा नाही. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाल्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. २०१५ पासून नव्या प्रवाशांची मस्टर, म्हणजे आपत्कालीन हजेरी, जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. सगळ्यात वरचं कार्ड असलं तरी ती चुकवता येत नाही.

तपासा: ‘उपलब्धतेनुसार’ असं लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह करा. ती गोष्ट हमखास मिळेल असं धरू नका.

टप्पा २: एक माणूस, एक नाव, एक क्रमांक

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे सावकाश वाचा.

लॉयल्टी योजनेतलं यंत्र तुम्हाला तीन गोष्टींवरून ओळखतं: नाव, जन्मतारीख आणि ईमेल किंवा पत्ता. यातलं एक जरी जुळलं नाही तर ते तुम्हाला नवा माणूस समजू शकतं आणि नवा क्रमांक देऊ शकतं. मग चार रात्री एका खात्यावर, चार दुसऱ्यावर, आणि दर्जा कुठेच चढत नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. आधारवर ‘पुष्पाबाई’, पासपोर्टवर ‘पुष्पा’. बँकेत ‘मनोहरराव’, पासपोर्टवर ‘मनोहर’. पासपोर्टवर बऱ्याचदा पहिल्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. एजंट एकदा ते टाकतो, दुसऱ्यांदा गाळतो. त्यात लग्नाआधीच्या आडनावाने काढलेला पासपोर्ट असला की आणखी भर.

१. पासपोर्ट उघडा. नावाच्या रकान्यात जे इंग्रजी स्पेलिंग आहे ते अक्षर न अक्षर वहीत लिहा. ‘राव’, ‘बाई’, ‘जी’ पासपोर्टवर नसेल तर कुठेच लिहायचं नाही.

२. जन्मतारीखही पासपोर्टचीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै टाकलेल्यांची संख्या गावोगाव मोठी आहे. घरी वाढदिवस कधीही करा, अर्जात पासपोर्टवरचीच तारीख जाईल. इंग्रजी संकेतस्थळावर कधी महिना आधी असतो, कधी दिवस. ०१/०७ लिहिताना कोणता रकाना कशाचा हे पाहूनच भरा, नाहीतर १ जुलैचा ७ जानेवारी होतो.

३. प्रत्येक प्रौढाचा स्वतःचा ईमेल करा. मुलाच्या एकाच ईमेलवर आई, बाबा आणि काका अशी तीन खाती उघडता येत नाहीत. ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून पासपोर्टच्या फाईलमध्ये ठेवा.

४. नवराबायकोचा पत्ता एकच ठेवा. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत एकाच पत्त्यावर राहणाऱ्या जोडीदाराला दोघांपैकी वरचा दर्जा मिळू शकतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांचा. बाबांचा पत्ता दारव्ह्याचा आणि आईचा पुण्याला मुलाच्या फ्लॅटचा असेल, तर हा लाभ जोडला जात नाही. तो आपोआपही जोडला जात नाही. एकाच घरातले आहोत असं कंपनीला कळवून दोन्ही क्रमांक एकमेकांना जोडून घ्यावे लागतात.

५. आधी कधी गेला असाल तर जुना बुकिंग क्रमांक शोधा. मोबाईलमधल्या मेलमध्ये कंपनीचं नाव टाकून पाहा. दोन सदस्य क्रमांक सापडले तर दोन्ही लिहून कंपनीला एकत्र करायला सांगा.

इशारा: पासपोर्ट नवा काढल्यावर त्याचा क्रमांक बदलतो. सदस्य क्रमांक तोच राहतो, म्हणून नवं खातं उघडू नका, जुन्यात पासपोर्टचा तपशील बदला.

टप्पा ३: वर चढायला किती रात्री लागतात, ते मोजा

हे गणित न करता लोक वर्षानुवर्षे एकाच कंपनीला चिकटून बसतात. रॉयल कॅरिबियनची जहाजं सिंगापूरहून सुटतात आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक त्यांनी जातात, म्हणून उदाहरण त्यांच्याच क्राउन अँड अँकर योजनेचं घेऊ.

साध्या खोलीत दर रात्री दर माणशी १ गुण. ३ गुणांना गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. मोठ्या स्वीटमध्ये गुण दुप्पट. एकटा माणूस पूर्ण खोलीचं भाडं भरून गेला तर त्यालाही रात्रीमागे एक गुण जादा.

आता वर्षातून एकदा चार रात्रींची सफर धरा. पहिल्याच सफरीत गोल्ड. प्लॅटिनमला आठवं वर्ष. डायमंडला विसावं. सात रात्रींची सफर घेतली तरी डायमंडला बारा सफरी लागतात. काही अर्थाने उपयोगी वाटणाऱ्या सवलती सुरू होतात त्या डायमंडला, खालच्या दर्जांना बरंचसं कूपनवरच भागवतात. साठाव्या वर्षी पहिल्यांदा निघालेल्या गुरुजींनी डायमंडच्या आशेने सफर निवडणं म्हणजे ऐंशीव्या वर्षाची वाट पाहणं. त्यांनी चांगली तारीख, चांगलं बंदर आणि परवडणारं भाडं पाहावं.

मग डायमंडला मिळतं काय? त्यातली मोठी गोष्ट म्हणजे दिवसाला चार पेयांची व्हाउचर, ठरावीक किमतीपर्यंतच्या पेयांवर. इथे एक गैरसमज फार आहे. माळकरी मंडळी म्हणतात, ‘आम्ही दारूला शिवत नाही, आम्हाला काय उपयोग?’ ही व्हाउचर कॉफी, ज्यूस, शीतपेय, बाटलीबंद पाण्यालाही चालतात. दोन कॉफ्या, एक ज्यूस आणि एक शीतपेय घेतलं तर दिवसाला साधारण पंधरा ते वीस डॉलरचा माल होतो. चार रात्रींचे साठ ते ऐंशी. हीच तुमच्या दर्जाची रोकड किंमत समजा. तीच सफर दुसऱ्या कंपनीत माणशी शंभर डॉलरने स्वस्त असेल, तर दर्जासाठी पहिल्या कंपनीत राहणं तोट्याचं आहे.

लांबच्या सफरीत हिशेब बदलतो. हॉलंड अमेरिका कंपनीत चार ताऱ्यांचा दर्जा मिळाला की कपडे धुऊन आणि इस्त्री करून मिळतात, प्रिन्सेसच्या एलिट दर्जालाही धुलाई फुकट आहे. चार रात्रींच्या सफरीत याला किंमत नाही. पंधरा-वीस दिवसांच्या सफरीत मात्र बॅगेचं वजन निम्म्यावर येतं, आणि नागपूरपासून बॅग उचलत नेणाऱ्याला त्याची किंमत लगेच कळते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि क्युनार्ड एकाच मालक कंपनीच्या असल्या तरी त्यांच्या योजना वेगवेगळ्या आहेत. एकीचा दर्जा दुसरीत दाखवून काही मिळत नाही. उलट रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या तिन्हींत २०२४ पासून एकीचा दर्जा दुसरीत समकक्ष धरला जातो. एमएससी तर इतर कंपन्यांचा दर्जा पाहूनही आपल्याकडचा समकक्ष दर्जा देते, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. जहाजावर चढल्यावर मागून उपयोग नाही.

इशारा: नियम बदलतात. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ मध्ये त्यांची योजना खर्चावर आधारित होईल. जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधला तक्ता पाहून ठरवू नका, बुकिंगच्या दिवशी कंपनीचा चालू तक्ता उघडा.

टप्पा ४: बुकिंग करताना क्रमांक आधी, पैसे नंतर

नागपूर किंवा अमरावतीच्या एजंटकडून बुकिंग करत असाल तर हा क्रम ठेवा:

१. सदस्य क्रमांक आणि पासपोर्टची प्रत एकाच मेसेजमध्ये द्या. फोनवर नाव सांगू नका.

२. भाव मागताना ‘सदस्य सूट धरून आणि न धरता’ असे दोन भाव मागा. कधीकधी सगळ्यांसाठी चालू असलेली ऑफर सदस्य सवलतीपेक्षा स्वस्त पडते आणि दोन्ही एकत्र लागत नाहीत.

३. गट मोठा असेल तर ‘या बुकिंगवर गुण मिळतात का?’ हे लेखी विचारा. एखाद्या संस्थेने अख्खं जहाज भाड्याने घेतलं असेल तर नेहमीचे नियम लागतीलच असं नाही.

४. पैसे भरल्यावर आलेल्या पावतीवर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा सदस्य क्रमांक छापला आहे का, ते पाहा. ही एक ओळ नसेल तर पुढचे टप्पे फुकट.

गुण खोलीत राहणाऱ्याला मिळतात, पैसे भरणाऱ्याला नाही. मुलाने आईबाबांचे पैसे भरले तर गुण आईबाबांचे. दोन खोल्यांचे पैसे एकट्याने भरले म्हणून दुप्पट गुण होत नाहीत.

खोली आपोआप वाढवून मिळेल हा समजही काढून टाका. चांगल्या रिकाम्या खोल्या कंपन्या आता बोली लावून विकतात, रॉयल कॅरिबियनमध्ये त्याला रॉयलअप म्हणतात. जिना चढायचा त्रास असेल, रात्री उठावं लागत असेल, तर लिफ्टजवळची आणि जहाजाच्या मधल्या भागातली खोली आत्ताच क्रमांकानिशी घ्या. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त खोली घेतली की कुठली मिळेल ते कंपनी ठरवते, आणि तिथे दर्जाचा हक्क चालत नाही.

टप्पा ५: निघण्याआधीचे दोन महिने

जेवणाचं आधी. निदान दोन महिने, युरोपची सफर असेल तर तीन महिने आधी, बुकिंगमध्ये आहाराची नोंद करा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. जहाजावरच्या काही स्वयंपाकघरांत अंडं त्यात चालतं, आणि भाज्यांच्या सूपला कोंबडीचं पाणी असू शकतं. ‘इंडियन व्हेजिटेरियन, नो मीट, नो फिश, नो एग, नो जेलाटिन’ असं लिहा. जैन जेवण हवं असेल तर कांदा, लसूण आणि कंदमुळं वेगळी लिहा. ही नोंद प्रत्येक सफरीला नव्याने करायची. मागच्या वेळची नोंद सदस्य खात्यावरून पुढे येते असं समजू नका.

ऑनलाइन चेक-इन ज्या दिवशी उघडतं त्याच दिवशी करा, म्हणजे बंदरावर पोचायची सोयीची वेळ मिळते. पहिल्यांदा जाणारा यातून जवळजवळ तेवढाच फायदा उचलतो जेवढा वरचा सदस्य ‘प्राधान्य’ म्हणून उचलतो.

घरचा चिवडा, शंकरपाळे डब्यात भरून नेऊ नका, बहुतेक कंपन्या घरगुती उघडे पदार्थ चालवून घेत नाहीत. कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटं न्या. चहाची इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन शेगडी आगीच्या भीतीने काढून घेतात. मग सदस्य कुठल्याही दर्जाचा असो.

प्रवासाचं वेळापत्रक: मुंबईहून सुटणाऱ्या जहाजासाठी विदर्भ एक्सप्रेसने वर्धा, बडनेरा, अकोला किंवा शेगावहून रात्री बसून सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तिथून बॅलार्ड पियर गाठायचं, असा बेत पुष्कळ जण करतात. अंतर थोडंच आहे, पण गाडी चार तास लेट झाली तर सगळं गेलं. जहाज सदस्यासाठी थांबत नाही आणि चेक-इन निघण्याच्या बराच वेळ आधी बंद होतं. आदल्या दिवशी पोचा. सिंगापूरलाही तसंच, नागपूरहून निघून मधे विमान बदलायचं असेल तर एक रात्र हातात ठेवाच.

सिंगापूरचा व्हिसा, पासपोर्टची निदान सहा महिने मुदत आणि सिंगापूर अरायव्हल कार्ड या तिन्ही गोष्टी जहाज कंपनीच्या हातात नाहीत. अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन सिंगापुरात परत येणार असेल, तर व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे का ते तपासा.

टप्पा ६: जहाजावरचा पहिला दिवस, याच क्रमाने

१. बंदरावर सदस्यांची वेगळी रांग विचारा. फलक नसला तरी ती असू शकते.

२. चेक-इनला मिळणारं जहाजाचं कार्ड हातात आलं की उलटसुलट पाहा. बऱ्याच कंपन्यांत दर्जा आणि मस्टरची जागा कार्डावरच छापलेली असते. दर्जा चुकला असेल तर तिथेच, खिडकीसमोरच सांगा. जहाजावर गेल्यावर त्याच दुरुस्तीला अर्धा तास रांग लागते.

३. मस्टरची हजेरी. जेवणाआधी ही उरका.

४. मोबाईल विमान मोडवर टाका. खोल समुद्रात फोन जहाजाच्या नेटवर्कला चिकटतो आणि रोमिंगचं बिल घरी गेल्यावर दिसतं. गरज असली तर वाय-फाय वेगळं सुरू करा, आणि सदस्य सूट वजा झाली का हे पैसे भरण्याआधी पाहा.

५. व्हाउचर कार्डावर चढली आहेत का, हे पहिल्या कॉफीच्या वेळीच वेटरला विचारा. न वापरलेली व्हाउचर दुसऱ्या दिवशी वाढून मिळत नाहीत.

६. संध्याकाळच्या जेवणाआधी मुख्य जेवणघरात जाऊन हेड वेटरला भेटा. आहाराची नोंद दिसते का विचारा.

तपासा: संध्याकाळी मोबाईलवर खात्याचा हिशेब उघडा. व्हाउचरवर घेतलेली कॉफी बिलात शून्य दिसली पाहिजे.

टप्पा ७: चांगली सेवा मिळते ती अशी

जहाजावरचे कर्मचारी महिनोन् महिने घरापासून लांब, रोज दहा-दहा तास काम करतात. तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे यावर त्यांचा कामाचा वेग ठरत नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय हे त्यांना वेळेवर कळलं, तर ते करायची त्यांची तयारी असते.

पहिल्या दिवशी स्टुअर्ड दारावर आला की नाव विचारा आणि सगळ्या गरजा एकदमच सांगा: एक जादा उशी, आंघोळीला प्लास्टिकचा मग मिळेल का, बिछाने वेगळे की जोडून, सकाळी खोली किती वाजता आवरायची. रोज एक एक गोष्ट मागितली की त्याची फेरी मोडते आणि तुमचंही काम मागे पडतं.

जेवणघरात रोज त्याच टेबलावर बसा. रोज जागा बदलली की रोज नव्या माणसाला अंडं नको, मासा नको हे पहिल्यापासून सांगावं लागतं. भारतीय शाकाहारी ताट हवं असेल तर आज रात्रीच उद्याचं सांगा: ‘टुमॉरो डिनर, इंडियन व्हेज, डाळ अँड राइस.’ स्वयंपाकघर शेकडो माणसांचं जेवण आदल्या दिवशी ठरवतं. ऐन वेळी मागितलं तर उकडलेल्या भाज्याच येतात, आणि मग लोक म्हणतात की वरचं कार्ड असूनही आमची सोय केली नाही. तिखटाची सवय असलेल्यांनी चिरलेली हिरवी मिरची वेगळी मागावी, भारतीय स्वयंपाकी असेल तिथे ती बहुधा मिळते.

तक्रार असेल तर पायऱ्या धरा. एसी गार करत नाही, तर आधी स्टुअर्डला सांगा. दोन-तीन तासांत काही झालं नाही तर गेस्ट सर्व्हिसेसला, म्हणजे जहाजावरच्या चौकशी-तक्रारीच्या काउंटरला, जा, खोली क्रमांक द्या, कधी सांगितलं होतं ते सांगा, समोरच्या माणसाचं नाव लिहून घ्या आणि ‘किती वाजेपर्यंत?’ हे विचारा. तरीही अडलं तर, वरचा दर्जा असेल तेव्हा, कॉन्सिअर्जकडे जा. दर्जाचा उपयोग या तिसऱ्या पायरीवर होतो. पहिल्याच वाक्यात ‘आम्ही डायमंड आहोत’ म्हटल्याने एसी लवकर दुरुस्त होत नाही. तक्रार शेवटच्या रात्रीवर ढकलू नका, तेव्हा खोली बदलायलाही वेळ उरलेला नसतो.

जुने सदस्य खूप असलेल्या सफरीत, उदाहरणार्थ अटलांटिक ओलांडणाऱ्या लांब सफरीत, सदस्यांची रांगच साध्या रांगेइतकी होते आणि बैठकखोलीत खुर्ची मिळत नाही. तिथे वरच्या कार्डाचं मोल आणखी घटतं.

टिपचं स्पष्ट सांगतो. मोठ्या कंपन्या साध्या खोलीला माणशी दिवसाला साधारण सोळा ते वीस डॉलर सेवाशुल्क लावतात. दर्जामुळे ते माफ होत नाही. बुकिंगच्या वेळीच भरून टाका आणि बजेटमध्ये धरा. जहाजावर जाऊन ते काढून टाकायला लावणारे सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. तो पैसा तुमचा बिछाना घालणाऱ्यांच्या कमाईतला असतो, तो कापू नका.

टप्पा ८: शेवटचा दिवस आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

शेवटच्या सकाळी गेस्ट सर्व्हिसेससमोर मोठी रांग लागते. बिल आदल्या दुपारीच तपासा. वाय-फायची सूट, व्हाउचर आणि धुलाई या तीन ओळी खास पाहा.

धुलाईची फुकट पिशवी असेल तर ती शेवटून दुसऱ्या दिवसाच्या आधीच द्या. परत यायला एक-दोन दिवस लागतात, आणि कपडे जहाजावर राहिले तर दर्जा दाखवून ते यवतमाळला येणार नाहीत.

पुढची सफर जहाजावरच बुक करा असा आग्रह शेवटच्या दिवसांत होतो. सूट खरी असते. पण भरलेली अनामत परत मिळते की नाही, तारीख बदलता येते की नाही, हे लेखी पाहिल्याशिवाय कार्ड पुढे करू नका. कापसाचे पैसे हातात कधी येतील हे ज्यांना नक्की सांगता येत नाही, त्यांनी परत मिळणारी अनामतच घ्यावी, थोडी महाग पडली तरी.

घरी आल्यावर बोर्डिंग पास, शेवटचं बिल आणि बॅगेची पट्टी फेकू नका. दहा-पंधरा दिवसांनी सदस्य खातं उघडा. जितक्या रात्री राहिलात त्या हिशेबाने गुण चढले का? जोडीदाराच्या खात्यावरही चढले का? चढले नसतील तर कंपनीला मेल करा. जहाजाचं नाव, निघाल्याची तारीख, बुकिंग क्रमांक, खोली क्रमांक, पासपोर्टप्रमाणे नाव आणि सदस्य क्रमांक एवढं लिहा, शेवटच्या बिलाचा फोटो जोडा. दुसरा क्रमांक तयार झालेला दिसला तर तोही याच मेलमध्ये लिहून जोडून मागा, आणि तसं झाल्याचं उत्तर येईपर्यंत नवं बुकिंग करू नका.